विषय: उत्तर: आश्रमशाळांसाठी जंताच्या गोळ्या?

प्रेषक: सुहास (कार्यकारिणी)
मंडळी, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत जव्हारकडच्या आश्रमशाळांना जंताच्या गोळ्या द्याव्यात, अशी सूचना आहे. केनियात या गोळ्यांनी गैरहजेरी घटली, असा दाखलाही जोडलाय. रविवारच्या सभेआधी जाणकारांनी कळवावं.

प्रेषक: माधवी
सुहासराव, गोळ्या विकत घेऊ नका. जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ.; ती सरकार शाळा-अंगणवाडीत फुकटच देतं. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी. घोडं अडतं ते वाटपात. घरी नेऊन खा म्हणून दिलेली गोळी दप्तरातच राहते. ती शिक्षकासमोर चावून खायला हवी. लहानग्यांना दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यातून द्यावी; रडणाऱ्या पोराच्या तोंडात कोंबली तर घशात अडकते. त्या दिवशी गैरहजर किंवा तापाने फणफणलेली मुलं सुटतात, म्हणून यादी करून आठवड्याने दुसरी फेरी. पोटात जंत फार असले तर गोळीनंतर मळमळतं, पोटात दुखतं. हे पालकांना आधी सांगितलं नाही तर ‘गोळीने विषबाधा’ अशी बोंब उठते आणि पुढच्या वेळी निम्मा वर्ग रिकामा!

आणखी एक. अंकुशकृमी (हूकवर्म, जंताचाच एक प्रकार) रक्त पितो. गोळीने कृमी पडतो, गेलेलं रक्त भरून येत नाही. त्यासाठी आठवड्याला एक लोहगोळी: ५ ते १० वयाला गुलाबी (४५ मिग्रॅ.), त्यापुढे निळी (६० मिग्रॅ.). जेवणानंतर, वर लगेच चहा नको. आणि हा कृमी अनवाणी पायातून शिरतो, त्यामुळे चपला नसतील तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

प्रेषक: श्रीकांत
माधवीताईंशी सहमत. केनियाचा दाखला जपून वापरा. क्रेमर आणि मिगेल या अर्थतज्ज्ञांचा तो प्रयोग १९९८ मध्ये तिथल्या बुसिया जिल्ह्यात सुरू झाला. ७५ शाळा, पाळीपाळीने औषध. एकेक मूल न निवडता अख्ख्या शाळाच निवडल्या, कारण एका मुलाचे जंत शेजारच्याला लागतात. गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली, पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत. शिवाय तिथे दहातल्या नऊ मुलांना जंत होते आणि काही शाळांत शिस्टोसोमियासिस या पाण्यातून होणाऱ्या वेगळ्या कृमिरोगावरचं प्राझिक्वान्टेल हे औषधही दिलं होतं. तो रोग जव्हारला नाही. उलट उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख बालकांना पाच वर्षं अल्बेंडाझोल दिलं, तर वजनात आणि मृत्यूंत फरक जवळपास पडला नाही. तेव्हा पत्रकात ‘मुलं हुशार होतील’ असलं काही छापू नका.

गुण वाढवायचे असतील तर ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेचा बालसखी प्रयोग बघा, मुंबई आणि वडोदऱ्यातला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोन तास वेगळी बसवून अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी. शिकवणारी वस्तीतलीच मुलगी. त्यात गुण वाढले. तो अभ्यास करणाऱ्यांत नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी होते. आई मराठी, म्हणून मधलं ‘विनायक’!

प्रेषक: सुहास
ठीक. रविवारी ‘गोळ्या’ खोडून ‘सुटलेल्यांची दुसरी फेरी, लोहगोळ्या, चपला’ हा विषय घेतो. पायांची मापं वर्गवार लागतील. शाळेला कोण लिहितंय?