वादळ येतंय, गच्चीवरचं सामान आज खाली आणा

ए-७०२ ताई: नमस्कार सगळ्यांना. उद्या रात्री वादळ येणार म्हणतायत आणि गच्चीवरचा तो पत्रा अजून तसाच एका बाजूने सुटलेला आहे. मागच्या पावसाळ्यापासून सांगतेय मी. आमच्या डोक्यावरच आहे तो, रात्रभर धडधड वाजतो. आज काय ते करा प्लीज.

सेक्रेटरी: ताई वेल्डरला फोन केलाय. त्याला सगळीकडूनच फोन चाललेत, उद्या सकाळी येतो म्हणाला.

बी-१०१ काका: गच्चीचे पाइप साफ झाले का? पानं अडकलीत.

सी-००२: एवढं काय टेन्शन घेताय, हवामान खात्याने वादळ सांगितलं म्हणजे कडक ऊन पडणार बघा 😂

ए-७०२ ताई: तुम्ही तळमजल्यावर दादा, तुम्हाला हसू येणारच.

डी-५०१ सर: हसण्यावारी नेऊ नका. ताशी ६२ किमीच्या वर वारा गेला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र आणि ११८ पासून अति तीव्र. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, मग सुटलेला पत्रा कुठे जाऊन कोणाला लागेल सांगता येत नाही. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कितीतरी गावांत वीज यायला आठवडे गेले.

बी-३०२ वहिनी: सर, खिडक्यांना चिकटपट्टीची फुली मारायची का? सगळे पाठवतायत तो व्हिडिओ.

डी-५०१ सर: नको वहिनी. पट्टीने काच मजबूत होत नाही, फुटली तर उलट मोठे मोठे तुकडे पडतात. स्लायडिंगची लॉकं लावा, पडदे ओढा आणि रात्री काचेपासून लांब आतल्या खोलीत झोपा. स्लायडिंगच्या पट्टीत पाणी जायची बारीक भोकं असतात ती काडीने मोकळी करा, नाहीतर पाणी तुंबून आत येतं. आणि दाब सारखा राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवायची असंही फिरतंय, ते साफ चुकीचं आहे. वारा आत घुसला की छतच उचलायला बघतो.

बी-१०१ काका: गच्चीच्या पाइपांचं काय झालं?

ए-७०२ ताई: आणि डी विंगच्या कठड्यावरच्या कुंड्या?? त्या कोण काढणार?

डी-६०२: आल्या माझ्या कुंड्या. दरवर्षी माझ्याच कुंड्या दिसतात लोकांना. ए विंगचे एसीचे डबे गंजलेल्या अँगलवर लटकतायत ते नाही दिसत कोणाला.

ए-७०२ ताई: आमचा अँगल बदललाय आम्ही. बिल दाखवू का?

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏 कुंड्या, सायकली, कपड्यांचे स्टँड, डिश, जे काही सैल आहे ते सगळ्यांनीच आत घ्यायचंय.

सी-००२: सेक्रेटरी साहेबांचं खुर्चीवरचं प्रेम तेवढं घट्ट आहे, ते नाही उडणार 😜

सेक्रेटरी: पुढची मीटिंग असेल तेव्हा या, खुर्ची देतो.

बी-६०३: माफ करा मध्ये बोलते. आईंचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. इन्व्हर्टर किती वेळ टिकेल माहीत नाही. सिलिंडर मागवलाय पण लिफ्ट बंद असेल तर रात्री त्यांना खाली कसं न्यायचं?

सेक्रेटरी: लिफ्ट संध्याकाळी बंद करावीच लागेल ताई. खाली ठेवली तर खड्ड्यात पाणी भरून मशीन जातं, म्हणून वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करणार आहोत.

बी-१०१ काका: आईंना दुपारीच आमच्याकडे आणा. पहिला मजला आहे, पुढची खोली रिकामीच असते. सिलिंडर पण इथेच उतरवा. मी आणि मुलगा खुर्चीवर बसवून आणू. पाइप मात्र आजच बघा, गच्चीवर पाणी साठलं तर सातव्यापासून खालपर्यंत सगळ्यांच्या भिंती भिजतील.

बी-६०३: काका 🙏 दोनला आणते त्यांना.

डी-६०२: कुंड्या काढतोय. दोन मोठ्या आहेत, एकट्याने उचलत नाहीत, कोणीतरी या.

सी-००२: मी येतो. खराटा पण आणतो, मग वर जाऊन काकांचे पाइप बघू. पत्र्याला दोरखंड बांधायचा का सर?

डी-५०१ सर: दोरीवर भरवसा नको. वेल्डरची वाट बघण्यापेक्षा आजच नटबोल्ट काढून पत्राच खाली आणू, चार जण लागतील, वारा सुटायच्या आत. आणि अजून एक, रात्री मध्येच एकदम शांत झालं तर संपलं समजून गाडी बघायला कोणी खाली उतरू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल तर थोडा वेळ वारा पडतो आणि मग उलट्या दिशेने तसाच जोरात सुरू होतो.

ए-७०२ ताई: माझे मिस्टर येतायत पत्र्याला. हातमोजे आहेत आमच्याकडे.

बी-३०२ वहिनी: पाणी?

सेक्रेटरी: वरची टाकी दुपारी पूर्ण भरून मोटर बंद करतोय. पिण्याचं माणशी रोज तीन-चार लिटर धरून तीन दिवसांचं भरून ठेवा. मोबाइल, बॅटऱ्या चार्ज करा. वीज गेली की फ्रिज सारखा उघडू नका, बंद राहिला तर चारेक तास गार राहतो. बेसमेंटच्या गाड्या दुपारपर्यंत वर काढा, झाडाखाली लावू नका.

डी-३०४: मग लावायच्या कुठे? व्हिजिटर पार्किंगला तर त्या एकाची गाडी सहा महिने धूळ खात पडलीये.

सेक्रेटरी: त्याला पण फोन केलाय.

सी-००२: गच्चीवर पोचलो. तीन पाइपांपैकी दोन पूर्ण बंद होते काका, पोतंभर पानं निघाली. तिसऱ्यावर जुनी पाण्याची टाकी ठेवलीये, हलत नाही. अजून दोघं वर या आणि पंप रूमची किल्ली कोणाकडे आहे? पहार तिथेच आहे.