हळदीला ट्रॅक लावायचा की वादक ठेवायचे? जेम्स ब्राउन बघून पडलेला प्रश्न

घणसोली_ऑक्टोपॅड

आमचा हळदी-लग्नाचा बँड आहे. घणसोली, रबाळे, दिवाळे, कधी खारेगाव-कळव्यापर्यंत सुपाऱ्या असतात. मी ऑक्टोपॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवर. बाकी कीबोर्ड, बँजो, बेस, ढोलकी, दोन ट्रम्पेट आणि गायक. यंदा मालकाचं म्हणणं असं, की ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत) लावू, दोन गायक आणि तू पुरे, बाकीच्यांना कशाला पोसायचं? पार्टीसुद्धा फोन केला की आधी भाव विचारते, बँडमध्ये किती माणसं ते कोणी विचारत नाही.

त्यात परवा भाच्याने मोबाइलवर अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचा जुना शो लावून दिला. इंग्रजी सगळं डोक्यावरून गेलं, पण डोळा हलला नाही. हा नाचता नाचता पाठमोराच हात झटकतो आणि मागची सगळी फौज एका झटक्यात गप्प. परत झटका, सगळे हजर. आमच्याकडे गाणं थांबवायचं म्हटलं तर ढोलकीवाला दोन मात्रा पुढे निघून गेलेला असतो! शेवटी तो गुडघ्यांवर कोसळतो, एक माणूस येऊन त्याच्या खांद्यावर झूल टाकतो, थोपटत विंगेकडे न्यायला लागतो, आणि हा पठ्ठ्या झूल भिरकावून परत माइकवर. नाटक आहे हे कळतं, तरी काटा येतो.

जाणकारांनी सांगा: एवढी माणसं घेऊन गावोगाव फिरायला त्यांना परवडायचं कसं? आणि आमच्यासारख्यांना त्यातलं काय उचलता येईल?

नौपाडा_बेसकाका

झूल टाकणारा डॅनी रे. शोचा निवेदकही तोच. वर्षानुवर्षं तेच काम, आणि लोक त्याचीच वाट बघत बसायचे.

परवडायचं कसं, ते एका किश्शात येतं. १९६२ साली ब्राउनला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरातला कार्यक्रम रेकॉर्ड करायचा होता. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक सिड नेथन तयार होईना. जुनीच गाणी, वर प्रेक्षकांचा गोंगाट, कोण घेणार? ब्राउनने पदरचे पैसे घातले आणि २४ ऑक्टोबरला रेकॉर्डिंग केलं. १९६३ मध्ये तबकडी आली. जेमतेम अर्ध्या तासाची, पण बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेली आणि ६६ आठवडे टिकली. त्यात 'लॉस्ट समवन' दहा मिनिटांच्या वर चालतं. हेडफोन लावून ऐक. बँड हळू आवाजात तेच तेच फिरवत राहतो, हा एखादा शब्द टाकून थांबतो, समोरून बाया किंचाळतात, हा त्यांना उत्तर दिल्यासारखा पुढचा शब्द टाकतो. त्या गाण्यात अर्धं काम प्रेक्षकांचं आहे. ते ऐकलेला माणूस गावात शो आला की तिकीट काढणारच. पोट भरायचं ते तिकिटावर.

आता वाजवण्याचं. ब्राउनचा हट्ट एकच, पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. तबला शिकलेल्याला हे समेसारखं वाटेल, पण आपण समेपर्यंतची वाट भरून काढतो आणि हे लोक ती मोकळी सोडतात. गिटारवाला एवढंसं खरवडतो, ट्रम्पेट एक फटका मारून गप्प. १९६७ चं 'कोल्ड स्वेट' ऐक, बराच वेळ कॉर्ड बदलतच नाही, आणि मध्ये सगळ्यांना थांबवून ड्रमरला एकट्याला सोडलंय. तुमच्या हळदीच्या गाण्यांत काय होतं? सगळे एकदम, सगळा वेळ. (आमच्या ऑर्केस्ट्रातही तेच व्हायचं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला मागच्या रांगेपर्यंत बेस पोचायचा नाही, कारण कीबोर्डवाल्याचा डावा हात थांबायचाच नाही.)

माणसं कमी करायची तर कर, पण ट्रॅकवर जाऊ नकोस. ट्रॅक थांबत नाही. नवरदेवाची आत्या नाचायला उठली म्हणून चार आवर्तनं जास्त वाजवायची सोय त्यात नाही. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड कंपनीचा घरचा बँड बुकर टी अँड द एमजीज, माणसं चार: ऑर्गन, गिटार, बेस, ड्रम. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या संगीत महोत्सवात गायक ओटिस रेडिंगच्या मागे हेच होते, वर ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले. समोर सगळी रॉकची पोरं, ओटिसचं नावही अनेकांना नवीन. त्यांना उभं केलं त्याने. त्याच डिसेंबरात विमान कोसळून गेला बिचारा, २६ वर्षांचा.

तुर्भे_ट्रम्पेट

काका, सगळं खरं, पण ती 'शिस्त' कशी यायची तेही सांगा की. ब्राउन चुकलेल्या सुराला दंड लावायचा. बुटाला पॉलिश नाही, दंड! १९७० मध्ये जुने वादक पैशांवरून सोडून गेले, तेव्हा याने सिनसिनाटीहून पोरांचा बँड उचलून आणला. त्यातला बूट्सी कॉलिन्स बेसवर, वय १८. तोही फार टिकला नाही. आणि ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड? 'फंकी ड्रमर' गाण्यातला त्याचा ठेका हिप-हॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत वापरला, त्याला रॉयल्टी मिळाली नाही. माणूस २०१७ मध्ये गेला. दंड लावणारा मालक आमच्याकडेही आहे, फक्त तो जेम्स ब्राउनसारखा नाचत नाही.

कोपरखैरणे_अल्टो

दादा, तुम्ही जेम्स ब्राउन सोडून शॅरन जोन्स बघा. ती तुमच्यातलीच. बरीच वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गायली, पोटासाठी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी, मग पैशांच्या चिलखती गाडीवर. ती सांगायची, की एका कंपनीवाल्याने तिला तोंडावर सुनावलं होतं: बुटकी, जाडी, फार काळी आणि वय झालेली. डॅप-किंग्ज बँडबरोबर तिचा पहिला अल्बम आला २००२ मध्ये, तेव्हा ती ४६ ची. कॅन्सरच्या उपचारांनंतर २०१४ मध्ये परत आली ती विग न घालता, तशीच टक्कल घेऊन, आणि नाच थांबला नाही.

मी हळदीला गायलेय म्हणून सांगते. शॅरन प्रेक्षकांतल्या एखाद्याला हाताला धरून वर आणायची, त्याला नाचवायची, आणि तो लाजला की बँड तिथेच घुटमळत थांबायचा, पुढे सरकायचाच नाही. तो खुलला की मग ट्रम्पेट यायचे. हे ट्रॅकवर करून दाखवा मला. ट्रॅकवर गाताना पुढच्या कडव्याची घंटा सतत डोक्यात. समोर कोण रडतंय, कोण हसतंय, बघायला सवड कुठे?

सीवूड्स_फलाट२

लोकांना हे सगळं कळतं का पण? जानेवारी २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले बँडचा शो झाला, माझ्या शेजारचा पूर्ण वेळ स्वतःच्या मनगटावरचा दिवा शूट करत होता.

नौपाडा_बेसकाका

स्टेडियम वेगळं हो. हळदीत माणूस हातभर अंतरावर असतो, तिथे फसवणूक चालत नाही.

@तुर्भे, दंडाचं मान्य. म्हणून तर म्हणतो, शिस्त घ्या, दंडाची वही नको.

घणसोली_ऑक्टोपॅड

सगळ्यांचे आभार. मालकाशी बोललो. ट्रॅकचा विषय तुळशीच्या लग्नापर्यंत लांबवलाय, तोवर पाच जणांत वाजवून दाखवा म्हणाला. बँजो सोडणार नाही, त्याच्याशिवाय आगरी माणूस हळद मानतच नाही. कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात ठेवायला सांगितलं तर दोन दिवस फुगून बसला. आता येतो, पण रबाळ्याच्या हॉलचं भाडं कोणी द्यायचं यावरून नवीन भांडण सुरू झालंय. ट्रम्पेट एकच ठेवता येतोय. @तुर्भे, तुमचे बुधवार मोकळे असतात का?

तुर्भे_ट्रम्पेट

मानधन आधी सांगा. बुटाला पॉलिश करून येतो.