मदत हवी आहे: बागेचं आरक्षण वगळण्याची नोटीस निघाली, हरकतीला उरले १९ दिवस

सायली_क

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, महाराष्ट्रातलंच आहे एवढं पुरे.

आमच्या वसाहतीला लागून महापालिकेची बाग आहे. दीड एकराच्या आसपास, कारंजं कायमचं बंद, पण कडुनिंब आणि रेनट्री भरपूर. गेल्या मंगळवारी सकाळी दोघं जण टेप घेऊन आले आणि झाडांवर लाल रंगाने आकडे टाकायला लागले. विचारलं तर म्हणाले, "ताई, आम्हाला आकडे टाकायला सांगितलेत, आम्ही टाकतोय." पुढे एक अक्षर नाही.

मग शेजारच्या काकांना रद्दी बांधताना नोटीस सापडली. अकरा दिवसांपूर्वीचा अंक, आतलं पान, वधू-वर पाहिजेतच्या खाली. जशीच्या तशी उतरवते: "...सर्व्हे नं. (अमुक) पैकी आरक्षण 'बगीचा' मधून वगळून सदर क्षेत्र वाणिज्य विभागात समाविष्ट करण्याकरिता अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये फेरबदल..." शेवटी एक महिन्यात सूचना व हरकती.

आम्ही आतापर्यंत काय केलं? सह्या गोळा केल्या, सहाशेच्या वर झाल्या. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात निम्मे लोक सुप्रभातच पाठवतात. माजी नगरसेवक म्हणाले, बघतो. सध्या पालिकेवर प्रशासक आहे, त्यामुळे ते बघून करणार काय हा प्रश्नच आहे.

सह्यांचं निवेदन हरकत म्हणून धरतात का? वकील आत्ताच गाठावा की सुनावणीनंतर? आणि मला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे, जमीन मुळात खासगी होती, सातबाऱ्यावर अजून मालकाचंच नाव आहे असं सगळे सांगतात. तसं असेल तर आपली बाजू संपलीच का?

नकाशेवाला

नगररचनेत बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त. घाबरू नका, पण घाई करा.

लोक ज्याला बाग म्हणतात ती कागदावर तीनांपैकी काहीतरी एक असते. विकास योजनेतलं, म्हणजे शहराच्या मंजूर जमीन-वापर आराखड्यातलं आरक्षण, लेआउट मंजूर करताना सोडलेली खुली जागा, किंवा सुविधा क्षेत्र, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेला तुकडा. तिन्हींचे नियम वेगळे, आणि हरकत घेताना चुकीचं नाव लिहिलंत की पहिल्या मिनिटाला समोरचा हसतो. तुमच्या नोटिशीत 'आरक्षण' हा शब्द आहे आणि कलम ३७ आहे, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि मंजूर विकास योजनेतला फेरबदल. उद्याच नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. आरक्षण क्रमांक, क्षेत्र, योजना कधी मंजूर झाली, सगळं त्यावर कळेल.

नोटीस पुन्हा नीट वाचा. सही कोणाची? साधं ३७ (१) असेल तर हरकत पालिकेकडे द्यायची. ३७ (१कक) असेल तर शासन स्वतः फेरबदल करतंय, आणि हरकत नगररचनेच्या ज्या अधिकाऱ्याचं नाव छापलंय त्याच्याकडे जाते. मी सेवेत असताना ढीगभर हरकती चुकीच्या टेबलावर येऊन पडलेल्या पाहिल्यात. महिना कुठून मोजायचा, राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून की कसा, तेही नोटिशीतच असतं. पेपरच्या तारखेवर विसंबू नका, १९ दिवस कमीही असू शकतील.

आता मालकाचं. विकास योजना अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीपासून, आधी मुदत कमी होती) पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पण तसं झालं असतं तर ३७ चा खटाटोप बहुधा लागलाच नसता. शिवाय पालिकेने परक्याच्या जमिनीत कारंजं बांधलं कसं? ताबा कशाच्या तरी बदल्यात आला असणार. रोख मोबदला, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर आगाऊ ताबा. ती ताबा पावती शोधा. सातबाऱ्यावर पालिकेचं नाव चढवायचं राहून गेलेल्या जमिनी हव्या तेवढ्या आहेत, त्यात कुणाचा डाव असतोच असं नाही, निव्वळ आळस.

चिंचोके

एवढं सगळं करून काही होत नाही हो. वरून ठरलेलं असतं. सुनावणी म्हणजे चहा-बिस्कीट.

मोगरा७१

चिंचोके, चहासुद्धा देत नाहीत.

सायलीताई, आम्ही अशी एक लढाई हरलोय, म्हणून लिहिते. नऊशे सह्यांचं एक निवेदन दिलं होतं, वर ढोल-ताशे, फोटो, सगळं. सुनावणीच्या तक्त्यात त्याची नोंद काय झाली माहितीये? "हरकत क्र. ४: रहिवासी." एक ओळ! आणि खाली मालकाच्या बाजूने आलेली एकेकट्याची पत्रं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. त्यामुळे सह्यांचा गठ्ठा असू द्या, पण प्रत्येक माणसाची हरकत वेगळ्या कागदावर, स्वतःचा पत्ता, स्वतःची सही. मजकूर एकच छापून नावं बदलू नका, तेही एकत्र बांधून टाकतात. ज्याला जे माहीत आहे ते लिहू द्या. कोणी म्हणेल पावसाचं पाणी या बागेत जिरतं म्हणून आमचं तळघर कोरडं राहतं, कोणी म्हणेल जवळ दुसरी बाग किती अंतरावर आहे. शेवटी एक वाक्य मात्र सगळ्यांनी घाला: "मला समक्ष सुनावणी हवी आहे."

आणि पोच. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. कारकून म्हणेल ठेवून जा, साहेब आल्यावर शिक्का मारतो. ठेवून जायचं नाही. आम्ही ठेवून आलो होतो.

कलम_खोडरबर

वकिली करतो, पण हे फुकटच्या गप्पांत धरा, सल्ला तुमच्या वकिलाचाच घ्या. वकील आत्ताच गाठा. कोर्टात उभं राहायला नाही, हरकतीचा मसुदा बघायला. जो मुद्दा हरकतीत नाही तो पुढे जनहित याचिकेत काढला की पहिला प्रश्न येतो, तेव्हा का बोलला नाहीत?

दोन निकाल हरकतीला जोडा. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, सर्वोच्च न्यायालय, १९९१. योजनेत उद्यानासाठी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून खासगी रुग्णालयासाठी दिली होती. न्यायालयाने ते रद्द ठरवलं, आणि तिथल्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे हेही मान्य केलं. दुसरा एम. आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू, १९९९. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेने बिल्डरकडून भूमिगत बाजार बांधून घेतला होता. निविदा नाही, काही नाही. बांधकाम पुष्कळ पुढे गेलेलं असूनही न्यायालयाने ते काढून बाग पूर्ववत करायला लावली. चिंचोकेंनी हा जरूर वाचावा.

फरक मात्र ध्यानात ठेवा. त्या दोन्ही ठिकाणी कायद्यातली पद्धत धाब्यावर बसवली होती. तुमच्याकडे निदान नोटीस तरी निघाली आहे, तेव्हा "बेकायदा" असा नुसता आरडाओरडा चालणार नाही. फेरबदलात सार्वजनिक हित कुठे आहे, या बागेच्या बदल्यात तेवढीच जागा दुसरीकडे दाखवली आहे का, हे विचारा.

पानगळ

झाडांवरच्या आकड्यांबद्दल. ते वृक्षगणनेचेही असू शकतात, लगेच तोडच असेल असं नाही. तोडायची असतील तर १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि त्यासाठी झाडावर नोटीस चिकटवावी लागते. रोज एकाने फेरी मारा. प्रत्येक आकड्याचा फोटो, बुंध्याचा घेर टेपने मोजून वहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि तुमचे रेनट्री त्यात बसत असतील तर हरकतीत तो स्वतंत्र मुद्दा होतो.

नकाशेवाला

एक राहिलं. माहिती अधिकारात अर्ज टाकाच, पण उत्तराला ३० दिवस असतात आणि तुमच्याकडे तेवढे नाहीत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, लांबण लावलीत तर त्याच कारणाने परत येतो. त्यापेक्षा २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइल बघता येते. आधी विचारून जा, आणि दोघं जा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पानांचे नंबर टिपायचे.

सायली_क

सोमवारी गेलो होतो. मी आणि ते रद्दीवाले काका.

पहिला अर्धा तास फाइल सापडत नव्हती. मग सापडली, सुतळी बांधलेली, वरच्या पानांना वाळवी. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून नाक कागदाला लावलं आणि एकेक पान उलटत गेले. पान ८७ वर ताबा पावती. "जागेवर समक्ष पंचनामा करून ताबा दिला-घेतला", खाली मालकाची सही, पालिकेच्या माणसाची सही, तारीख २००६. त्याच्या पुढच्याच पानावर टीडीआर प्रमाणपत्राची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवलेली प्रत. म्हणजे मोबदला कधीच दिला गेला आहे! सातबारा तेवढा तसाच राहिला. काका खिडकीजवळ जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

नक्कल मागितली आहे. पैसे भरले, पावती घेतली. मुदत राजपत्रापासूनच निघाली आणि नकाशेवाला म्हणाले तेच झालं, तीन दिवस कमी आहेत.

आतापर्यंत ११४ हरकती, प्रत्येकीवर शिक्का. दोनदा "ठेवून जा" झालं. ठेवून आलो नाही, बाकावर बसून राहिलो.

आता नवीन प्रश्न. सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटंच मिळतील असं कळतंय. ताबा पावती वकिलांनी मांडावी की काकांनी?

कलम_खोडरबर

काकांनी. पान नंबर त्यांना पाठ असेल. नक्कल प्रमाणित करून घ्या, तीन संच करा, एक त्यांच्या हातात द्या आणि "ही कागदपत्रं नोंदीवर घ्या" असं म्हणून पोच मागा. वकील शेजारी उभा राहील.

मोगरा७१

आणि मूळ फाइल आहे ना जागेवर, ते पुढच्या सोमवारी परत जाऊन बघून या.