युद्ध तोंडावर आलं की पेपर कसा वाचायचा?

प्रश्न : शिरोळची आई

माझा थोरला फौजेत आहे, २०२५ च्या मे महिन्यात जम्मूकडं होता. सासऱ्यांना आता वाचायला दिसत नाही, म्हणून डेअरीला दूध घालून आले की मी त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवते. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली, तेव्हापासूनचे पेपर मी पेटीत ठेवलेत. परवा ते सलग वाचले.

पहिले काही दिवस बातम्या गेलेल्यांच्या होत्या, त्यांच्या बायकापोरांच्या. मग पानभर नुसता ‘पाक’. पाकची तंतरली, पाकचा थयथयाट, पाक टरकला. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी पूंछवर तोफगोळे पडून दहाहून जास्त साधी माणसं गेली. ते वाचल्यावर सासरे म्हणाले, “व्हय गं, ज्याची तंतरलीया त्यो तोफा कशा डागतोय?” मला उत्तर देता आलं नाही.

८ मेच्या रात्री टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगत होते. गल्लीत पोरं नाचत होती आणि माझ्या पोराचा फोन लागत नव्हता. ती बातमी खोटी निघाली.

मारेकऱ्यांना धडा शिकवलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण एवढ्या पेपरांत त्या देशातला गहू कापणारा एक माणूस मला दिसला नाही. आणि शेजारी इतका भेकड दाखवला, तर घरच्यांना धोक्याचा अंदाज यायचा कसा? हे दरवेळी असंच होतं का?

जुना उपसंपादक, कोल्हापूर

ताई, कारगिलच्या वेळी, १९९९ ला, मी डेस्कवर नवा होतो. ‘पाकिस्तान’ दोन कॉलमांत बसत नाही, ‘पाक’ बसतं. तिथपर्यंत ठीक. पण दिल्लीहून वृत्तसंस्थेची कॉपी यायची, ‘पाकिस्तानने निषेध नोंदवला’. मी मथळा करायचो थयथयाटाचा. कुणी सांगितलेलं नसायचं. पान सोडायची घाई, आणि शेजारच्या पेपरचा मथळा आपल्यापेक्षा कडक निघेल ही भीती. निषेध नोंदवणारं सरकार असतं, थयथयाट करणारं खुळं पोर असतं. तुमच्यासारख्या घरात तो मथळा मोठ्यानं वाचला जात असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. त्याची खंत वाटते.

इतिहासाचा मास्तर, गडहिंग्लज

दरवेळी म्हणाल तर १९६२ बघा. ‘हिंदी-चिनी भाई भाई’ म्हणणाऱ्या देशात १९५९ नंतर सूर पालटत गेला. १२ ऑक्टोबर १९६२ ला नेहरू सिलोनला निघताना विमानतळावर पत्रकारांना म्हणाले की, आपला प्रदेश मोकळा करायला सैन्याला सांगितलंय. पेपरांनी त्याचा चीनला हाकलायचा हुकूमच करून टाकला. तिकडं ईशान्येच्या सीमेवर नामका चू नदीच्या काठावर आपले जवान सुती कपड्यांत, मोजक्या दारूगोळ्यावर उभे होते. २० ऑक्टोबरला हल्ला झाला.

महिन्याभरानं यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आम्ही पाठ केलं, आजही अभिमानानं शिकवतो. पण त्याच काळात आपल्याच देशात राहणारे सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक पोराबाळांसकट राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडले होते. ते मला फार उशिरा कळलं. शत्रूला चेहरा नसला की असा कुणाचाही चेहरा त्याला चिकटवता येतो.

निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी

ताई, समोरच्याला कमी लेखू नका, हे फौजेत पहिल्यांदा शिकवत्यात. सुट्टीवर आलो की गावात लोक म्हणायचे, “ते काय, घाबरट हाईत.” लई वाईट वाटायचं. घाबरटांच्या गोळीनं आमची माणसं गेली व्हय?

मी आता बातमीत बोललंय कोण, तेवढं बघतो. फौजेचा अधिकारी नावानिशी बोलला असंल तर वाचतो. ‘सूत्रांनुसार’ दिसलं की दोन दिवस थांबतो.

शिरोळची आई

मास्तर, चेहरा चिकटवायचं म्हणालात म्हणून आठवलं. पूंछला त्या गोळीबारात मदरशातले एक शिक्षक गेले. आपल्याच मातीतला माणूस, आणि काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. त्यांच्या घरच्यांनी ते टीव्हीवर बघितलं असेल.

आज सकाळी एका मथळ्यात परत ‘थयथयाट’ आला. मी वाचताना ‘निषेध’ म्हटलं. सासऱ्यांनी मान वर केली, “तसंच छापलंय?” नाही म्हटलं. म्हणाले, “मग छापलंय तसं वाच आधी. तुझं मागनं सांग.”