आपापल्या हाताला लावून घेतलेला संगणक : अनुभव आणि क्लृप्त्या

नवा संगणक हातात येतो तो सगळ्यांसाठी एकसारखा सजवलेला असतो. टास्कबार कुठे असावा, फायलींची नावं कशी दिसावीत, चालू होताना काय काय उघडावं, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. यातलं बरंच बदलता येतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण काय बदलल्यावर कामात नेमका काय फरक पडतो, हे सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. तेवढ्यासाठीच हा धागा. तुम्ही तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काय बदललंत, कशासाठी आणि त्यातून काय साधलं, ते लिहा. विंडोज, लिनक्स, मॅक, काहीही चालेल. वॉलपेपर आणि रंगसंगतीबद्दलही लिहा, पण जे रोज हाताखाली येतं त्याला प्राधान्य द्या.

सुरुवात मी करते. मी विंडोज वापरते. नवीन मशीन मिळालं की सर्वांत आधी फायलींची एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) दिसतील असं करते. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो'खाली हा पर्याय आहे, मुळात तो बंद असतो. तो बंद असताना 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नावाची फाईल नुसती 'बिल.पीडीएफ' अशी दिसते आणि माणूस बिनधास्त क्लिक करतो. शेपूट दिसली की ही प्रोग्रॅमची फाईल आहे हे तिथल्या तिथे कळतं. ईमेलमधून आलेल्या फायली रोज उघडणाऱ्यांनी तरी हा बदल आजच करावा.

दुसरा बदल स्टार्टअपचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअपच्या यादीत संगणकाबरोबर आपोआप चालू होणारी सगळी मंडळी दिसतात. चॅटची अ‍ॅप्स, प्रिंटरचे मदतनीस, गेमचे लाँचर असं जे लागेल तेव्हा उघडता येतं ते मी 'डिसेबल' करते. त्यामुळे अ‍ॅप निघून जात नाही, फक्त न बोलावता यायचं थांबतं. अँटिव्हायरस आणि टचपॅड-ऑडिओचे ड्रायव्हर यांना मात्र हात लावत नाही.

आणि एक गोष्ट जी मी भेटेल त्याला सांगते : विंडोजमध्ये 'शट डाऊन' आणि 'रीस्टार्ट' एकसारखे नाहीत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाऊन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. चालू व्हायला वेळ कमी लागतो, पण आत काही अडकलं असेल तर तेही जसंच्या तसं परत येतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'खाली 'अप टाईम' पाहा. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यांनाही तिथे अनेक दिवसांचा आकडा दिसू शकतो. पूर्ण बंद करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करायचं.

भाषांतर करणारी

माझं सगळं काम कॉपी-पेस्टवर आणि देवनागरी टंकनावर चालतं. विंडोज कळ आणि व्ही दाबलं की कॉपी केलेल्या मागच्या गोष्टींची यादी समोर येते. पहिल्या वेळी ती चालू करायची का असं विचारतात, तेव्हा 'हो' म्हणायचं. यादीत २५ पर्यंत नोंदी राहतात, संगणक रीस्टार्ट केला की त्या जातात. पिन केलेल्या मात्र टिकतात. मी पारिभाषिक शब्द आणि संस्थांची लांबलचक नावं पिन करून ठेवते. एक काळजी घ्या : पासवर्ड कॉपी केलात तर तोही या यादीत दिसू शकतो. दुसऱ्यांसमोर स्क्रीन शेअर करण्याआधी 'क्लिअर ऑल' करायची सवय मी लावून घेतली आहे.

मराठी कीबोर्डसाठी वेगळं सॉफ्टवेअर उतरवायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट मिळतो, आणि विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून उच्चारानुसार टाईप करायचा फोनेटिक कीबोर्डही आहे. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. मी इन्स्क्रिप्टच्या बाजूने आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला अशी मांडणी असल्यामुळे बोटं आपोआप आलटून पालटून चालतात आणि थकत नाहीत. शिवाय 'ऱ्या'तला आडवा र अनेकांना सापडत नाही, तो इथे सरळ आहे : इंग्रजी जे ज्या कळीवर आहे ती शिफ्टसकट दाबून ऱ, मग डीच्या कळीवरचा हलन्त, मग य. दुसऱ्या यंत्रावर बसले, लिनक्सवर बसले, तरी मांडणी तीच. एकदा शिकलेलं वाया जात नाही.

वारंवार येणाऱ्या वाक्यांसाठी ऑटोहॉटकी वापरते. दोन-तीन अक्षरांची खूण टाईप केली की पूर्ण वाक्य उमटतं. साध्या मजकूर-फाईलमध्ये एकेका ओळीत हे नियम लिहायचे असतात, प्रोग्रॅमिंग यायला हवं असं काही नाही.

हिशेब पाहणारा

थोडक्यात लिहितो. मायक्रोसॉफ्टचं मोफत 'पॉवरटॉईज' घ्या, त्यातलं 'फॅन्सीझोन्स' चालू करा. स्क्रीनचे हवे तसे कप्पे आखता येतात, मग शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती कप्प्यात नीट बसते. डावीकडे रुंद खतावणी, उजवीकडे अरुंद बँक स्टेटमेंट, खाली कॅल्क्युलेटर. त्यातच 'ऑलवेज ऑन टॉप' आहे : विंडोज, कंट्रोल आणि टी दाबलं की समोरची खिडकी सगळ्यांच्या वर राहते.

'डॉक्युमेंट्स' फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' असा टॅब असतो. डिस्कचे दोन भाग असतील तर तिथून तो फोल्डर डी ड्राइव्हवर हलवता येतो. विंडोज नव्याने टाकताना सी साफ झाला तरी कागदपत्रं जागेवर राहतात. अर्थात डिस्कच बिघडली तर दोन्ही जातात, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवरची प्रत हवीच.

लिनक्सवाला

धागाकर्तीने फास्ट स्टार्टअपचा विषय काढला हे फार चांगलं झालं. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी तो बंदच करावा. तो चालू असताना विंडोज 'बंद' केलं तरी त्याचा ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असतो. लिनक्स ते ओळखतं आणि तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं, किंवा जोडतच नाही. 'लिनक्समधून माझ्या फायली सेव्ह होत नाहीत' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे चांगल्या चालत्या पण जुन्या लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न अनेकांपुढे आहे. अशांनी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावं. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड चालतंय का ते कळतं. विंडोजची सवय असलेल्यांना त्यातला सिनॅमन डेस्कटॉप लगेच ओळखीचा वाटतो. रॅम कमी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

मिंट टाकल्यावर कुठलीही सजावट करण्याआधी 'टाईमशिफ्ट' लावा. तो सिस्टिमच्या फायलींचे टप्प्याटप्प्याने स्नॅपशॉट घेतो. एखादा ड्रायव्हर किंवा थीम टाकून डेस्कटॉप उघडेनासा झाला तरी पेन ड्राइव्हवरून बूट करून मागच्या स्थितीला जाता येतं. पण हे नीट लक्षात ठेवा : टाईमशिफ्ट मूळ मांडणीत तुमच्या होम फोल्डरची प्रत घेत नाही. फोटो आणि कागदपत्रांसाठी वेगळा बॅकअप लागतो.

लिनक्सचं मला सर्वांत आवडतं ते हे की बहुतेक प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज साध्या मजकूर-फायलींमध्ये ठेवतात. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या या फायली एरवी लपलेल्या असतात, फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. टर्मिनलचे शॉर्टकट, एडिटरची मांडणी, सगळं माझ्या एका गिट भांडारात आहे (गिट म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम). नवा संगणक आला की ते भांडार उतरवायचं आणि कामाला लागायचं. कुठला बदल कधी आणि का केला याचा इतिहासही त्यातच राहतो, आणि हा इतिहास मला खुद्द बदलांइतकाच मोलाचा वाटतो.

स्क्रीन रीडर वापरणारा

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए वापरून प्रोग्रॅमिंग करतो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. सोबत येणाऱ्या ईस्पीकच्या आवाजात मराठीही वाचता येतं. आवाज यांत्रिक आहे, पण वेग खूप वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, आणि कामात मला तेच हवं असतं.

माझ्यासाठी सर्वांत उपयोगी सोय म्हणजे कॉन्फिगरेशन प्रोफाईल. प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी सेटिंग्ज ठेवता येतात. कोड लिहिताना प्रत्येक कंस, स्वल्पविराम आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा ऐकू यायलाच हवी. तेच ईमेल वाचताना ऐकावं लागलं तर अर्थ हरवतो. म्हणून एडिटर उघडला की विरामचिन्हं 'ऑल', बाहेर आलो की 'सम', हे आपोआप होतं. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रतही बनवता येते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो की दुसऱ्याच्या संगणकावर काहीही न टाकता माझ्या सेटिंग्जसह काम करता येतं.

टास्कबारवरचा क्रम मी पक्का ठेवला आहे. विंडोज आणि १ म्हणजे ब्राउझर, २ म्हणजे एडिटर, ३ म्हणजे टर्मिनल. ही सोय डोळसांनाही तितकीच कामाची आहे.

ज्यांना कमी दिसतं त्यांनी सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त 'टेक्स्ट साईझ' पाहावं. नुसती अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत मोठी होतात. विंडोज आणि अधिक-चिन्ह दाबलं की भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केपने बंद होतं. घरातल्या वयस्कर माणसांना संगणक देताना एवढं करून दिलंत तरी त्यांचा वापर पुष्कळ सुकर होईल.

मॅकवरून

मॅकवर बदलायला काही नसतं असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात 'अ‍ॅप शॉर्टकट्स' इथे जा. कुठल्याही अ‍ॅपच्या मेनूतल्या कुठल्याही आज्ञेला हवा तो शॉर्टकट देता येतो. मेनूत नाव जसं लिहिलंय हुबेहूब तसंच टाईप करायचं, शेवटी तीन टिंबं असतील तर तीही. फोटो एक्स्पोर्ट करणं, पीडीएफ बनवणं, ज्यासाठी दिवसभर मेनूत जावं लागायचं ते सगळं मी बोटांवर आणलं आहे.

स्क्रीनशॉट डेस्कटॉपवर साचतात त्यावर उपाय : कमांड, शिफ्ट आणि ५ दाबा, 'ऑप्शन्स'मधून वेगळा फोल्डर निवडा. फाईल न उघडता पाहायची तर निवडून नुसता स्पेसबार.

सिस्टिम सांभाळणारी

वरचं सगळं करून पाहा, फक्त 'संगणक झटक्यात वेगवान करा' म्हणणाऱ्या स्क्रिप्टा आणि रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं ते कोठार) साफ करणारी सॉफ्टवेअर्स टाळा. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी काढल्याने जाणवेल असा वेग वाढत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर दुरुस्तीला दिवस जातो. रजिस्ट्रीत खरंच काही बदलायचं असेल तर ते ज्या 'की'मध्ये (रजिस्ट्रीतल्या फोल्डरमध्ये) आहे तिच्यावर उजवं क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करा. मोठ्या बदलाआधी रीस्टोअर पॉइंट, म्हणजे सिस्टिमला मागे नेता येईल असा टप्पा, तयार करा. काही संगणकांवर 'सिस्टिम प्रोटेक्शन' बंदच असतं, तेव्हा ते चालू आहे ना हे आधी तपासा.

रोजच्या कामासाठी 'स्टँडर्ड' खातं आणि बदल करण्यासाठी वेगळं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खातं ठेवा, विशेषतः संगणक घरात तिघं-चौघं वापरत असतील तर. संपूर्ण संगणकासाठी काही इन्स्टॉल होण्याआधी पासवर्ड विचारला जातो, आणि कुणी काय टाकलं हा प्रश्न बराच कमी होतो.

लिनक्सवाल्यांच्या गिटसारखं विंडोजवर काय करावं असं विचाराल, तर एक साधी मजकूर-फाईल पुरते. तारीख, काय बदललं, आधी काय होतं. ती संगणकाबाहेरही ठेवा, कारण लागेल तेव्हा संगणक चालू असेलच असं नाही.