पोहण्याच्या नैसर्गिक तळ्यातील पाणी हिरवे का होते?

प्रश्न: क्लोरीनविरहित तळे बांधून तीन महिने झाले, निम्मे क्षेत्र पाणवनस्पतींसाठी राखूनही पाणी हिरवेगार झाले असून पायऱ्यांवर शेवाळाचे बोटभर धागे लोंबत आहेत. काय चुकले असावे?

उत्तर: वनस्पती बागेच्या सुपीक मातीत लावल्या असतील, तर तिच्यातील फॉस्फरस आयताच शेवाळाला मिळतो. त्या धुतलेल्या खडीत लावाव्यात, कारण शुद्धीकरणाचे बरेचसे काम खडीवरील जिवाणूंचा बुळबुळीत थर करतो आणि त्याला प्राणवायू मिळत राहावा म्हणून पंप रात्रीही चालू ठेवावा लागतो.

प्रश्नकर्ता: मातीच घातली होती, शिवाय डासांसाठी मासेही सोडले आहेत.

दुसरे उत्तर: मासे आधी हलवावेत, त्यांची विष्ठा म्हणजे शेवाळाला खतच. चतुरांची पिल्लेही डासांच्या अळ्या खातात. धागे खरबरीत काठीला गुंडाळून काढावेत (काम कंटाळवाणे आहे, हे मान्य) आणि सुकलेली पाने कुजण्यापूर्वीच बाहेर काढावीत.