आल्प्सच्या पायथ्याशी, शेवटच्या बसच्या भरवशावर

वेल्हेवाला
काल स्वारगेटला उभा होतो. कंडक्टर 'वेल्हे, वेल्हे' ओरडत होता आणि मला एकदम बवेरियातलं स्पिट्झिंगझे तळं आठवलं. हसू नका.

म्युनिकला पाच वर्षं होतो, गाडी कधी घेतली नाही. शनिवारी पहाटेची ट्रेन, श्लिअरझे तळ्याच्या पुढे फिशहाउझेन-नॉयहाउसला उतरायचं, समोर बस उभीच. ती वळणं घेत १०८४ मीटरवरच्या तळ्याशी सोडते. तिथून रोटवांड शिखर, १८८४ मीटर. म्हणजे ८०० मीटरची चढण, वेल्ह्यातून तोरण्याला येतो साधारण तेवढाच घाम.

एकदा वरच्या झोपडीत (झोपडी कसली, चांगलं दुमजली हॉटेल) काइझरश्मार्न खात बसलो. आपल्या गोड धिरड्याचे तुकडे करून वर पिठीसाखर, तसा प्रकार. उशीर झाला. उतरताना अक्षरशः पळत सुटलो आणि तळ्याशी पोचतो तर बस निघालेली. ड्रायव्हरबाईंनी आरशात बघितलं, गाडी थांबवली, दार उघडलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. बस्स, शब्द नाही. वाटेत वायरलेसवर काहीतरी पुटपुटल्या. खाली ट्रेनची वेळ उलटून गेली होती, तरी ट्रेन फलाटावर उभी! माझ्यामुळे अख्खी गाडी खोळंबली होती. त्या दिवशी मी डब्यात मान वर करून बसलो नाही.

तर तिकडे बसने डोंगर हिंडलेल्यांनी लिहा. गाडी पार्क करून चढणाऱ्यांनी नुसतं वाचा. :)

झुरिककाकू
आमच्याकडची पिवळी पोस्टबस! घाटात आंधळ्या वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा वाजतो, रोसिनीच्या विल्यम टेलमधले सूर आहेत ते. बाबा ७४ वर्षांचे असताना आले होते, त्यांना कीनटालहून ग्रीसआल्पला नेलं. त्या रस्त्याचा चढ काही ठिकाणी २८ टक्के आहे. युरोपात पोस्टबस जाते त्यातला सगळ्यात खडा रस्ता हाच म्हणतात. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि बस एवढीशी. पहिला भोंगा वाजला तशी बाबा सावरून बसले, म्हणाले "तिसरी घंटा झाली, आता पडदा वर जाणार". वर पोचल्यावर म्हणाले, वरंधा म्हणजे अंगण आहे गं याच्यापुढे.
चाललो किती? जेमतेम तासभर. पण परतीच्या बसला बाबा अर्धा तास आधी जाऊन उभे. एस्टीची सवय.

नऊकिलोमीटर
माझं टोपणनाव वाचा, त्यातच गोष्ट आहे.
लेंगग्रीसच्या पुढचं एक खोरं. थांब्यावरच्या वेळापत्रकात संध्याकाळच्या फेरीवर 'एस' लिहिलेलं. मी बायकोला शहाणपणाने सांगितलं, एस म्हणजे सामस्टाग, म्हणजे शनिवार, आज शनिवारच आहे, आरामात चल. तळटीप वाचली नाही. एस म्हणजे फक्त शाळेच्या दिवशी!! शनिवारी कुठली शाळा.
नऊ किलोमीटर डांबरी रस्त्याने. बायको वाटभर एक शब्द बोलली नाही. त्यानंतर आजतागायत बोलतेय.

रानभैरी
😂😂 शाळेची गाडी आमच्या गावालाही होती. मे महिन्यात आलात की बसा पारावर.

हिंगजिरे
मला डोंगर फारसे आठवत नाहीत, ताक आठवतं. टेगर्नझेच्या वर कुरणात गुराख्याचं घर असतं ना, आल्म म्हणतात, आपला धनगरवाडा समजा. उन्हाळ्यात गुरं वर आणतात, सप्टेंबरात सजवून खाली नेतात. तिथे बुटरमिल्श मिळतं. घट्ट, गार, पण अळणी हो! मी सॅकमधून डबी काढली, मीठ, जिरेपूड, चिमूट हिंग. मालकीणबाई बघत होत्या, त्यांनाही घोटभर दिलं. त्यांनी तोंड असं केलं की गायसुद्धा वळून बघायला लागली.

रानभैरी
हिंग घेऊन आल्प्सवर कोण जातं?

हिंगजिरे
मी हिंगाशिवाय कोपऱ्यावर पण जात नाही.

झुरिककाकू
ग्लासात हिंगाचा वास राहिला असेल त्यांच्या. बिचाऱ्या.

पावणेदोनपट
नव्या लोकांसाठी. स्वित्झर्लंडात पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. ती सपाटीला ताशी ४.२ किमी धरून आणि न थांबता काढलेली असते. फोटो, दशम्या, "बूट चावतोय" यातलं काही त्यात नाही. घरची मंडळी बरोबर असतील तर पावणेदोनने गुणा आणि मग परतीची बस ठरवा. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरी वाट, साधे स्पोर्ट शूज नकोत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर सरळ मागे फिरा.
आणि हो, सहा वर्षांच्या मुलाला 'अजून किती' विचारायला पाटी दाखवू नये. त्याला वाचता येतं.

नऊकिलोमीटर
२०२२ च्या उन्हाळ्यात नऊ युरोचा पास होता ते कोणाला आठवतंय? जून ते ऑगस्ट, महिनाभर जर्मनीतल्या सगळ्या लोकल गाड्या न् बस. कोखेलच्या ट्रेनमध्ये विरार लोकल झाली होती, फरक एवढाच की सायकली पण आत. मग २०२३ च्या मे पासून ४९ युरोचा आला, २०२५ ला ५८ झाला. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त.

लिंबूवाली
कोखेलवरून आठवलं. तिथून वाल्खेनझे तळ्याला जाणारी बस केसेलबेर्ग घाट चढते, खिंडीत ८५८ मीटरला उतरायचं आणि योखबेर्ग, १५६५ मीटर. जंगलातून खडी चढण, मग एकदम गवताची धार, एका बाजूला निळं तळं, दुसऱ्या बाजूला सपाट मैदान. मे महिन्यात सावलीतल्या वाटेवर बर्फ होता, मी दोनदा अर्ध्यातून परत आले. एकटीने उगाच धाडस नको.

आई एस्टीत कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, हातात लिंबू. उलटी होऊ नये म्हणून हुंगत राहायची, महाबळेश्वर असो नाहीतर आंबोली. तिला हे तळं दाखवायचं होतं, व्हिसाचे कागदही जमवले होते. तीन वर्षं झाली तिला जाऊन. मला बस लागत नाही. पण केसेलबेर्गला जाताना सॅकेत लिंबू असतं.

भांडी पडलीत, नंतर लिहिते.

झुरिककाकू
अगं...

रानभैरी
आमच्या आईचा आलेपाक. पुडीचा कागद चिकटलेला असायचा, तो पण चघळायचो.

वेल्हेवाला
लिंबूवाली, धागा काढल्याचं सार्थक झालं.

गोचिडग्रस्त
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण बवेरियात गवतातून चालणार असाल तर गोचिडीची लस घ्या. तिकडच्या गोचिडीपासून मेंदूज्वर होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, कानामागे बघायचं. माझ्या नवऱ्याला लागली ती त्याने तीळ समजून चार दिवस सांभाळली.

हिंगजिरे
तीळ 😂 गोड गोड बोला म्हणाला असेल.

सहावेळा
एक गोष्ट पाठ करून ठेवा. अडकलात, रेंज नाही, तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. आम्ही धुक्यात वाट चुकलो तेव्हा मित्राने सहा शिट्ट्या मारल्या आणि खालून तीन आल्या. केवढा आनंद! बघतो तर एक काका कुत्र्याला बोलवत होते. पण त्यांच्याच मागे मागे थांब्यापर्यंत आलो. बस गेलेली होती हे सांगायला नकोच.

नऊकिलोमीटर
या बंधू, आमच्या पंक्तीला बसा.

पावणेदोनपट
@वेल्हेवाला, ते सगळं ठीक, पण काल त्या वेल्ह्याच्या गाडीत बसलास का नाही?

वेल्हेवाला
नाही रे, हातात दळणाचा डबा होता.
शनिवारी जाईन म्हणतो. वेल्ह्याहून परतीची शेवटची किती वाजता असते आता?

रानभैरी
कंडक्टरला विचार. आणि काइझरश्मार्न खात बसू नको.